खून माळ्याने केला नव्हता

…डॉक्टर! अहो, खुनी डॉक्टर निघाला! ज्या माणसाने पहिल्या पानापासून घरातल्या प्रत्येकाची नाडी बघितली, म्हातारीला गोळी दिली, रडणाऱ्यांना पाणी दिलं, तोच! आणि मी इकडे अख्खं पुस्तकभर माळ्याच्या मागे! माळी खुरपं घेऊन हिंडतो, माळी कुणाशी बोलत नाही, माळ्याच्या बुटाला चिखल… म्हटलं, सापडला! आणि शेवटी कळतं काय, तर माळ्याच्या बुटाला चिखल कशाला, तर तो माळी आहे म्हणून! आता मला सांगा, लेखक मला चिखल दाखवतो, मी चिखल बघतो… यात माझं काय चुकलं?

तुम्हाला सांगतो, मी वाचणाऱ्यातला नाहीच. मी लिफ्टवाला. लिफ्टा दुरुस्त करतो. माझं आजवरचं वाचन म्हणजे ‘क्षमता सहा व्यक्ती’ आणि ‘आग लागल्यास जिन्याचा वापर करावा’. कशी वाक्यं आहेत बघा! वाचली, कळली, संपली. कुणी मरत नाही, कुणी खिडकीतून बाहेर बघत उसासे टाकत नाही. आमच्या घरी वाचणार बायको. लग्न झालं तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची पेटी एक आणि पुस्तकांचं कपाट एक. मी म्हटलं, असू दे, भिंतीला आधार होईल. आणि ते कपाट तिथे उभं राहिलं, मी त्याच्यासमोरून आयुष्यभर ये-जा केली. त्याच्या दाराला कधी हात लावला असेल तर बिजागरी करकरते म्हणून तेल घालायला.

आता म्हणाल, मग हे माळी-डॉक्टर कुठून आले? सांगतो ना. तेच तर सांगायला बसलोय.

झालं असं. मी एक दिवस कामावरून घरी आलो. दमलेला. आठ मजली इमारत, लिफ्ट मधेच अडकलेली, आत एक बाई आणि तिचं कुत्रं, आणि दोघंही एकाच सुरात ओरडतायत. घरी आलो तर ही खुर्चीत बसलेली, मांडीवर पुस्तक, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! मुलगी लांब सासरी, तिचं काही झालं की काय… म्हटलं, “अगं, कोण गेलं?” तर हिने पुस्तकाकडे बोट दाखवलं. म्हणाली, “ही. ही गेली हो.” पुस्तकातली! मी जो सुटकेचा निःश्वास टाकला! म्हटलं, “म्हणजे आपल्या ओळखीतलं कुणी नाही ना? मग वाढ.”

बस. एवढंच बोललो. मग वाढ.

तिने डोळे पुसले, वाढलं. मी जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली आणि बहिणीकडे गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. दारात उभी राहून म्हणाली, “अहो, दूध तापवून ठेवलंय.” मी म्हटलं, “कधी येणार?” म्हणाली, “बघू.”

बघू! तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात माणूस ‘बघू’ म्हणाला की समजावं, लिफ्ट काही या महिन्यात सुरू होत नाही. आणि मी दारू पीत नाही, हात उगारत नाही, पगार आणून तिच्या हातात देतो. भूक लागली होती, वाढ म्हणालो. यात माझं काय चुकलं?

फोन करावा तर उचलणार कोण? मोठी मेहुणी! आमची मेहुणी फोन उचलते म्हणजे दार लावून आतून कडी घातल्यासारखं. “कोऽऽण?” अहो, नंबर दिसतोय, नाव दिसतंय, तरी “कोऽऽण?” मी म्हणायचं, “मी.” “मी म्हणजे?” आता ‘मी म्हणजे’ याला माणूस काय उत्तर देणार? “तिला द्या जरा.” “काय काम आहे?” आता बायकोशी काय काम असतं? विचार करा, सांगता येतं का? मलाही नाही आलं. फोन ठेवून दिला.

मग संध्याकाळी घर खायला उठायला लागलं. आणि घरात बघायला होतं काय, तर ते कपाट. घेतलं एक पुस्तक, हाताला लागलं ते. तेच, डॉक्टर आणि माळ्याचं. निम्म्यात आलो आणि माझी खात्री पटली. आता खुनी सापडलाय आणि सांगायला घरात कुणी नाही, ही काय अवस्था असते, तुम्हाला कल्पना नाही! केला फोन. “कोऽऽण?” म्हटलं, “तिला द्या. काम आहे. खुनाचं आहे.”

तसा फोन हिच्या हातात आला.

म्हटलं, “अगं, माळीच ना?”

मग म्हणाली, “काय वाचताय तुम्ही?” मी सांगितलं. मग अगदी हळूच, “कुठपर्यंत आलात?” आणि मी बोलत सुटलो! म्हटलं, एवढी माणसं एका घरात मरतायत तर उरलेली तिथे थांबतात कशाला? रोज एक माणूस कमी होतोय आणि हे बसून चहा पितायत! चहातच विष आहे, हे मला कळतं, यांना कळत नाही? आणि तो गुप्तहेर! तो म्हणतो, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे! मग बोलत का नाही? तो गप्प बसला म्हणून मधे तीन जण गेले, त्यांच्या घरच्यांनी काय करायचं? ही हसली हो. छोटंसं. नाकातल्या नाकात. पण हसली.

मग काय, मी रहस्यकथांचा सपाटाच लावला. प्रत्येक वेळी चुकीचा माणूस पकडायचा, प्रत्येक वेळी फोन करायचा. एका पुस्तकात तर, तुम्हाला सांगतो, लिफ्टच होती! एका बाईचा खून होतो आणि खुनी लिफ्टचं दार उघडं टाकून, चालत्या लिफ्टमधून पसार होतो. मी उसळलोच! म्हटलं, “अगं, दार उघडं असेल तर लिफ्ट हलतच नाही! मुळात जागची हलत नाही! या लेखकाला कुणी विचारणारं आहे की नाही?” चांगलं अर्धा तास मी तिला दाराची सगळी व्यवस्था समजावून दिली. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “बरोबर असेल तुमचं. पण ती बाई का मेली हो?”

मी म्हटलं, “कुठली बाई?”

ती म्हणाली, “तेच. तुम्हाला लिफ्ट दिसली. बाई दिसली नाही.” आणि फोन ठेवला.

आता लिफ्टवाल्याला लिफ्ट दिसणार नाही तर काय… यात माझं… जाऊ द्या.

रहस्यकथा संपल्या, खालच्या फळीवर आलो. तिथे कविता. आता कविता या प्रकाराबद्दल माझं स्पष्ट मत आहे. कागदाची नासाडी! निम्म्यात ओळ तोडतात आणि उरलेलं पान कोरं! आम्ही असं काम केलं तर लोक पैसे देतील? ‘साहेब, लिफ्ट चौथ्यापर्यंत आणली, पुढचं तुम्ही मनाने समजून घ्या!’ एक कविता होती, त्यातली बाई दिवस मावळताना पाण्याच्या भांड्याला विचारते, दमलंस का रे? भांड्याला! मी म्हटलं, हिच्यासाठी डॉक्टर बोलवा… पुस्तकातला नको, दुसरा. फोन लावला. म्हटलं, “याचा अर्थ काय?” म्हणाली, “अर्थ नका विचारू. मोठ्याने वाचा.”

वाचली. मला कुठलं येतंय! फलाटावरच्या सूचनेसारखी वाचली. भांड्याला विचारलं, दमलंस का, पूर्णविराम. खिडकीला विचारलं, पूर्णविराम. शेवटी ती बाई थांबून बघते, की आता तरी कुणी आपल्याला विचारेल… आणि ओळ तुटली. पुढे कोरं पान.

मी म्हटलं, “ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.”

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. एवढंच विचारायचं होतं, की तू दमलीस का गं? चार शब्द! आणि मी काय विचारलं? म्हटलं, “तिकडे पाणी वेळेवर येतं ना?”

म्हणाली, “येतं.”

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. भिंतीवर नाही, त्या कपाटावरच.

आणि मग ती कादंबरी. ही एवढी जाड! उशाला घ्यावी अशी. मी म्हटलं, यात तरी काही घडत असेल. छे! पहिली शंभर पानं बाई उठते, केर काढते, खिडकीत उभी राहते. कुणी मरेना, कुणी मारीना. मला तर वाटायला लागलं, आता डॉक्टर आला तर बरं! आणि त्यातला नवरा… तो काही वाईट नाही हो. पीत नाही. ओरडत नाही. पगार आणतो. दार दुरुस्त करतो, नळ दुरुस्त करतो. आणि ती बाई मात्र आपली पानापानाला सुकत चाललीय. मला राग आला, खोटं नाही सांगत. म्हटलं, या लेखकाला माझा पत्ता दिला कुणी? फोन लावला. आता मेहुणी ‘कोण’ पण विचारत नव्हती, नुसतं “घे गं, तुझा खुनी” म्हणायची. मी म्हटलं, “मला एवढंच सांग, या माणसाचं काय चुकलं? एक चूक दाखव!”

मग म्हणाली, “काही नाही. त्याचं काहीच चुकलं नाही. म्हणून तर एवढी पानं लागली.”

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून ते वाक्य मी तिच्यापुढे तोंडातून काढलं नाही. कुठलं ते? माझंच ते. जाऊ द्या.

मग एका रविवारी सकाळी तिचा फोन. तिचा! स्वतःहून! “घरी आहात ना? येतेय.” अहो, मी घर झाडलं, पुसलं, पडदे झटकले, दाढी केली, दाढी करताना कापलं. दार उघडतो तर बाहेर ही, मागे मेहुणी, मेहुणीच्या मागे साडूभाऊ, आणि साडूभाऊंच्या हातात रिकामी खोकी.

म्हणाली, “पुस्तकं न्यायला आलेय.”

मी म्हटलं, “हो, हो. न्यायलाच पाहिजेत.” काय बोलणार? स्वतः खोकी भरायला लागलो. पुस्तकं खाली टेम्पोत न्यायची, आणि नेमकी आमची लिफ्ट बंद! मेहुणीचा आवाज जिन्यात घुमला, “लिफ्टवाल्याच्याच घरची लिफ्ट बंद! वा!” आता ती बंद कशी पडली, मेन स्विच खाली कुणी केला, ते ज्यांनी रहस्यकथा वाचल्या असतील त्यांनी ओळखावं. मला एवढंच दिसत होतं, की लिफ्टने दोन फेऱ्यांत काम संपतं आणि जिन्याने अख्खी सकाळ जाते. एकेक खोकं मी एकटाच उचलत होतो. साडूभाऊ म्हणाले, “द्या इकडे.” म्हटलं, “राहू द्या, तुमची पाठ!” चौथा मजला ते तळमजला, तळमजला ते चौथा. दर वेळी वर आलो की ती कपाटापाशी बसलेली दिसायची. एकदा तिने न बोलता पाण्याचा पेला पुढे केला. मी प्यायलो. म्हटलं, आता विचार! आता तरी! आणि विचारलं हो. घाम पुसत, धापा टाकत, जिन्याकडे तोंड करून विचारलं, “तू… दमलीस का गं?”

ती बघतच राहिली. म्हणाली, “खोकी तुम्ही वाहताय.”

म्हटलं, “त्याचं नाही विचारत.”

तिने खाली बघितलं. एक पुस्तक उचललं, त्याची धूळ पुसली, पुन्हा पुसली, जिथे धूळ नव्हती तिथेही पुसली. म्हणाली, “हो. खूप.” बस. तेवढ्यात खालून मेहुणीने टेम्पोवाल्याच्या नावाने शंख केला आणि मी खोकं उचललं.

शेवटी कपाट रिकामं झालं. निघताना ती आतल्या खोलीत डोकावली आणि उशीपाशी तिला ती जाड कादंबरी दिसली. माझी चोरी सापडली. म्हटलं, “ने. राहिली वाटतं चुकून.” तिने हातात घेतली. मधे बसचं तिकीट घातलेलं होतं, तिथे उघडली. “इथपर्यंत आलात?”

म्हटलं, “हो. ती बॅग घेऊन स्टेशनवर बसलीय.”

ती ते पान वाचत उभी राहिली. मग पुस्तक मिटलं, परत उशीपाशी ठेवलं. म्हणाली, “वाचून झालं की सांगा. मी येईन न्यायला.”

गेली. टेम्पो वळला, आवाज गेला, मी वर आलो. मेन स्विच वर केला आधी. शेजारच्या आजी केव्हाच्या खाली अडकल्या होत्या.

तेव्हापासून तिचा अधूनमधून फोन येतो. तिचा! पाणी, दूध, काही विचारत नाही. विचारते, “संपलं का?” आणि तुम्हाला सांगतो, पुस्तक रटाळ आहे. अतिशय रटाळ. ती बाई केव्हाची स्टेशनवर बसलीय, गाड्या येतायत, जातायत, आणि पुढच्या पानावर ती एक तर गाडीत चढणार, नाही तर घरी परत जाणार. मला नाही जाणून घ्यायचं! पान उलटलं की पुस्तक पुढे सरकणार, पुढे सरकलं की संपणार, संपलं की ती येणार, आणि घेऊन जाणार… मग फोन कशाला करेल? मी सांगतो, “कुठलं संपतंय गं, अक्षर केवढं बारीक आहे!”

परवा म्हणाली, “अहो, मग चष्मा करून घ्या.”

आता बायको म्हणाली म्हणजे जायला पाहिजे. गेलो चष्म्याच्या दुकानात. त्याने मला खुर्चीत बसवलं, हा डोळा झाकला, तो डोळा झाकला, समोरच्या पाटीवरची अगदी तळाची मुंगीएवढी ओळ वाचायला लावली. मी आपला घडाघडा वाचून मोकळा! तो खूश. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, “काका, तुमची नजर अगदी झकास आहे हो!”

म्हटलं, “हळू बोल रे बाबा… आणि चष्मा दे. साध्या काचेचा.”