नवव्या श्वासाचं बटण

(सांगलीतल्या एका कॉलेजची लहानशी खोली. बाळाबाईंच्या डोक्यावर वायरींची टोपी, छातीला पट्टा. त्यांची भाची क्रांती कॉम्प्युटरपुढे. ध्यान आणि मेंदू यावर ती संशोधन करते.)

क्रांती : …तसं नाही गं आत्या. आधी सांग, तू नक्की काय मोजत होतीस?

बाळाबाई : स्वास. तूच म्हनलीस, नऊ झालं की बटन दाब. दाबलं. आता ही टोपी काढ बाई, समदं टकुरं चिकाट झालंय.

क्रांती : थांब जरा. या रेघा बघ, तुझ्या मेंदूच्या. वीस मिनिटं लक्ष जागचं हललं नाही! दहा-दहा वर्षं ध्यानाला बसणाऱ्यांचं असं येतं. आणि तुला मी कधीच न बसलेल्यांत धरलंय.

बाळाबाई : बराबर धरलंस की. विहारात मालक बसायचं. मी सतरंज्या आंथरायची, च्या ठेवायची. मला कुठली सवड?

क्रांती : पण बटण तुझ्या श्वासाशी जुळतच नाही. पट्ट्यावर तुझे पाच-सहाच होतात, तोवर तू दाबून मोकळी. सर म्हणतील, चुकलंय, काढून टाक.

बाळाबाई : टाक की मग. माजं काय अडलंय?

क्रांती : आत्या, कुणाचे मोजत होतीस?

बाळाबाई : …मालकांचं.

क्रांती : अगं, मामांना जाऊन सहा महिने झाले.

बाळाबाई : ठावं हाय मला. दोन वरसं आंथरुनावर हुतं, धापा टाकत. डाक्टर म्हनला, दमाकडं ध्यान ठिवा. ठिवलं. भाकरी थापताना, भांडी घासताना, कान तिकडंच. आता ते गेलं, पर मोजनी थांबंना. जरा टेकलं की सुरू. डोळ्याला डोळा न्हाई, क्रांते. लय दमले गं मी. तू म्हनलीस, मेंदू बघायचं मशीन हाय. म्हनलं, बंद करून देत आसंल.

क्रांती : ते नुसतं दाखवतं गं.

बाळाबाई : आगं, मग पलूसवरनं यष्टीत उभ्यानं कशापायी आले मी?

क्रांती : एकदा करशील? मामांचे सोड. तुझे मोज.

बाळाबाई : माजं? …आन् सोडलं, नि त्यांचा थांबला तर?

क्रांती : थांबलाय, आत्या.

बाळाबाई : ठावं हाय. …सांग, काय करू?

क्रांती : हात पोटावर ठेव. हं. मोज.

बाळाबाई : …एक.

क्रांती : पुढं?

बाळाबाई : दम धर की. लय सावकाश येतोय गं माजा.