विकतची प्रत

हॅलो? … हॅलो, कोण? … सगुणा? अगो मोठ्यानं बोल, इथं हायवेचं काम चाललंय. डंपर गेला की काय ऐकू येत नाय… थांब, खिडकी लावते.

हं, बोल. … वाचनालयातच हाय. खांब गावातच, आणि कुठं जाणार? नाव ग्रंथपाल, पण झाडूपण माझ्याच हातात. … जेवले, व्हय. तू?

… आमच्याकडचा रविवारचा सत्कार? माहीत हाय गो, पत्रिका मीच लिहिली. 'मिठागरातल्या बायांवर पुस्तक लिहिणाऱ्या पेणच्या लेखिका सगुणाताई यांचा शाल-श्रीफळ देऊन…' … काय? किती प्रती आणतेस?

चौदा? आणि फुकट?

नाय. … नाय म्हणते ना. एकपण आणायची नाय. … अगो ऐक ना… आधी माझं ऐक. पेणच्या वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत काढली आपण, तेव्हापासून सांगतेय, तुझा हात सैल हाय.

… दत्तात्रेयकाकांनी सांगितलं? काय सांगितलं? … त्यांच्या पुस्तकांच्या दुकानात उरलेल्या चौदा घरी घेऊन जा म्हणून. … सोमवारी पुढची फळी रिकामी करणार. … रंगाचे डबे ठेवणार. … हां, गणपतीच्या कारखान्यांना लागतात ते. … नाय गो, त्यांचं काय चुकलं? रंग खपतो, पुस्तक खपत नाय. त्यांना पण घर हाय. … आणि तुझं दुसरं पुस्तक? छापतो म्हणाले होते ना? … 'आधीचं पडून असताना दुसरं कसं छापू.' … असं म्हणाले?

मग म्हणूनच सांगतेय ना. कान देऊन ऐक. आज पाच वाजता आमच्या कमिटीची मीटिंग हाय. मी ठराव मांडणार. तुझ्या दहा प्रती विकत घ्यायच्या, आणि त्या पण काकांच्याच दुकानातनं. … मग? उगाच नाय बसले मी. महिनाभर एकेकाच्या दारात गेलेय. त्यांचं एकच पालुपद… तो टेम्पोवाला येतो ना वर्षातनं एकदा, गठ्ठे घेऊन, तो तेवढ्याच पैशात चौपट पुस्तकं देतो. … देतो, व्हय. पण कसली देतो? लोणच्यांची, हातावरच्या रेषांची, नायतर कसल्यातरी परीक्षेची, ती पण तीन वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या. आमचं 'ड' वर्गाचं, सगळ्यात कमी अनुदानाचं वाचनालय, वर्षातनं एकदा घ्यायची ऐपत, ती असल्या गठ्ठ्यावर घालवायची. आणि पेणचं दुकान बंद पडलं की हेच हळहळणार, पूर्वी काय दुकान होतं म्हणून.

एक मिनिट हां… पोपटमामा, पेपर घरी न्यायचा नाय. … चष्मा घरी राहिला तर चष्मा इकडं आणा, पेपर तिकडं नका नेऊ. … हं, बोल गो.

… बोल ना. घुटमळतेस काय?

… काय केलंस? … कुणाला दिलंस? … हैबतरावांना? आमच्या अध्यक्षांना? कधी? … मंगळवारी. गणपतीची मूर्ती ठरवायला पेणला आले होते. … घरी आले. चहा घेतला. … आणि म्हणाले, 'वाचनालयाला एक प्रत द्या की ताई.' … आणि तू दिलीस.

डोकं फिरलं का गो तुझं? … एकच दिली म्हणजे काय? एक असो नायतर शंभर. भेट आली की विकत घ्यायचं कारण संपलं, हे त्यांचं ठरलेलं हाय. … आत काय लिहून दिलंस? … नीट शब्द सांग. … थांब जरा, हे मामा काय दाखवतायत.

काय मामा? … हे? हे कधी आलं टेबलावर? … सकाळी ठेवून गेले अध्यक्ष. आणि मला आता सांगता.

… सगुणा, आलंय गो. समोरच हाय माझ्या. 'खांब वाचनालयास सप्रेम भेट.' खाली तुझी सही. अक्षर तरी किती सुरेख काढलंयस.

संपला ठराव. … आता काय मांडू? पाचला येतील आणि म्हणतील, 'विमलबाई, पुस्तक तर आलं, दाखल करून घ्या.' झालं. उरलेले पैसे शालीत. … व्हय, शाल पुस्तकखरेदीच्याच पैशातनं घेतात. तुला काय वाटलं? … किती झाल्या तुझ्याकडं शाली? … आठ. आपल्या कोकणात घाम पुसायला पंचा लागतो, आणि तुझ्या घरी आठ शाली.

… मान देतात म्हणून दिलंस. बरं. हैबतराव कोलाडला मिसळ खातात ना? तिथं कधी म्हणतात का, एक प्लेट सप्रेम भेट द्या, गावात तुमचं नाव काढीन? … मूर्ती ठरवायला आले, ती फुकट मागितली? नाय ना? ती घडवायला मेहनत लागते, ते कळतं. आणि तू दोन उन्हाळे मिठागरात आईच्या मैत्रिणींच्या मागनं फिरलीस, टाचांना भेगा पडल्या, ते काय सहल होती?

… हसू नको. मला संताप आलाय.

… वाचत नायत कोण म्हणतं? असं बोलू नको गो. तुझं पुस्तक इथं किती फिरलंय ठाऊक हाय का तुला? … कुठली म्हणजे? माझी प्रत. बायजाकाकूनं दोनदा वाचली. तिच्याकडनं निडीच्या मास्तरणीकडं गेली. तिथनं रोह्याला, बँकेतल्या कमळाकरकडं. मग त्याची बायको, बायकोची आई… मी वहीत नावं लिहून ठेवलीत. एकोणीस जण झाले. मागच्या पानाला चिकटपट्टी लावलीय, एवढं वाचलंय लोकांनी. आणि म्हणे कोण वाचतंय.

… हॅलो? … सगुणा? … गेला काय फोन? … हॅलो… हायस ना?

हं. … काय विचारलंस?

… माझी प्रत? … माझी… तूच दिलेलीस ना. … व्हय. पहिल्या पानावर लिहिलंयस, 'विमलला, सप्रेम.'

… नाय. … नाय, विकत नव्हती घेतली. … तू दिलीस म्हणून… आपली मैत्रीण म्हणून घेतली मी.

… हं.

… कधी? … दुकानात आलं त्याच आठवड्यात. … काकांना सांगून ठेवलेलंस? काय सांगितलं होतंस? … 'खांबची माझी मैत्रीण येईल, पहिली प्रत ती घेईल.' …

… आणि रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचीस. … मी आले नाय. … म्हणून शेवटी तूच घेऊन आलीस माझ्या दारात.

… आणि मी चहा केला.

नाय गो, बरं झालं बोललीस. … नाय रागावले. कुणावर रागावू? एकोणीस जणांच्या हातात मीच फुकट दिलं, आणि महिनाभर कमिटीला शहाणपण शिकवत फिरतेय. एकालापण म्हटलं नाय मी, आवडलं ना, मग पेणला जाशील तेव्हा घे. मलाच सुचलं नाय. … गप. तू रडू नको, मला पण येतं मग.

… मीटिंग? मीटिंग करते ना. ठराव मांडणारच. आधी माझं सांगते, मग हैबतरावांचं काढते. … ऐकतील नायतर नाय ऐकणार. आता त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायची लाज वाटेल, पण बोलते.

आणि उद्या पहिल्या एसटीनं पेणला येते. … दहा? दहा कुठनं घेऊ गो, माझा पगार तुला माहीत हाय. एक घेईन. एकच परवडते. … काका दुकान कधी उघडतात? … साडेनऊ. बरं.

आणि ऐक. तू दुकानाकडं फिरकू नको. … नको म्हणते ना. तू आलीस की मला पैसे देऊ द्यायची नायस. … मग येते घरी, जेवायलाच येते. … आता ठेव. … ठेव गो… बरं, मीच ठेवते.