बांधीतलं व्हर्ब

इंग्रजी शिकवताना माझी कंबर कशी मोडली, ते तुम्हाला सांगितलंच नाही का? अरे, बपेऱ्याच्या शाळेत माझा कडक नियम होता: व्हर्ब चुकलं की ते वाक्य पाच वेळा लिहायचं. धानाची रोवणी सुरू झाली आणि नववीतली मनीषा आठ दिवस गायब. शेवटी मी तिच्या शेतावर गेलो आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यावरूनच ओरडलो, "मनीषा, व्हर्ब म्हणजे काय?"

चिखलातून तिच्या आईनं मान वर केली. "सर, काय असते जी ते?"

"काम. आपण जे करतो ते."

"मंग वरून काहून सांगून राहिले? उतरा खाली, करून दाखवा!"

रोवणाऱ्या बायका खो-खो हसायला लागल्या. मलाही चेव आला. पॅन्ट दुमडली, धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, जुडी घेतली आणि त्या चिखलभरल्या बांधीत एक अख्खी ओळ रोवली. ऐटीत मागं वळून पाहतो तर काय, अर्धी ओळ पाण्यावर पोहत धुऱ्याला लागलेली!

मनीषानं कमरेवर हात ठेवले, अगदी वर्गात मी ठेवतो तसे. "चुकलं, सर. आता पाच वेळा."

आणि आई म्हणाली, "पाचही मी तपासतो जी."

तेव्हापासून आमच्या वर्गात चुकलेलं वाक्य एकदाच लिहितात.