टायवाल्याची फाईल

बाई: टायवाला या नावाची फाईल नसते, मिस्त्री. कोर्टात माणूस खऱ्या नावानं बुडतो. या चिठ्ठीवर खरं नाव लिहा.

मिस्त्री: लिहितो की. वीस वर्षं पाठ आहे. हे घ्या.

बाई: तुम्ही त्यांचे कोण?

मिस्त्री: कोण असायला लागतं का? मला तर सांगितलं, दिवाळखोरीचे कागद कुणीही बघू शकतो.

बाई: बघू शकतो. कोर्टात आलेला कागद सगळ्यांचा. मी आपली विचारते. दिवसभर या रेकॉर्डच्या खोलीत माझ्याशी बोलायला पंखाच असतो.

मिस्त्री: कुणी नाही मी त्याचा. एकाच मुलीला आम्ही दोघांनी मागणी घातली होती. आधी त्यानं, मग मी. तो टाय लावून आला होता, म्हणून टायवाला.

बाई: आणि मुलगी कुणाला मिळाली?

मिस्त्री: मला.

बाई: मग फाईल त्यांनी तुमची मागायला हवी.

मिस्त्री: तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही शोधा.

बाई: या नावावर काही नाही.

मिस्त्री: नाही कसं? पेपरात नोटीस आली होती, चार ओळींची. हे कात्रण बघा.

बाई: अहो, ही तर फर्निचरच्या दुकानाच्या नावानं आहे. फाईल दुकानाच्या नावाखाली लागते, मालक आत सापडतो. तुमची चूक नाही, सगळे असंच करतात. राग माणसावर असतो, म्हणून माणूस शोधत बसतात.

मिस्त्री: राग नाही मला.

बाई: बरं. ही घ्या, सापडली. मूळ कागद शहरातल्या कोर्टात, पण दुकान आपल्या भागातलं म्हणून एक संच इथे येतो. बघायला काही पडत नाही. प्रत हवी तर पानामागे फी. शिक्का मारून हवी तर तीन दिवस.

मिस्त्री: शिक्क्याचीच हवी. बायकोला दाखवायचीय.

बाई: त्यांनी मागितलीय?

मिस्त्री: तेच तर! वीस वर्षांत एकदा त्याचं नाव काढलं नाही तिनं. काढलं असतं तर परवडलं असतं. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, मी चार घातल्या असत्या, विषय संपला असता. बस त्याच्या दुकानावरून जाते ना, तर ही खिडकीतून बघत नाही. समोरच्या सीटची पाठ बघत बसते. आता तुम्हीच सांगा, मनात काही नाही तर माणूस सहज बाहेर बघेल की नाही?

बाई: मीही समोरच बघते. माझी मान आखडते.

मिस्त्री: करा थट्टा. घरात साधी खुर्ची घ्यायची झाली तरी मी त्याचं दुकान टाळून पाच गावं पलीकडे गेलोय. त्यानं वरचा मजला चढवला तेव्हा मला आठ दिवस अन्न गेलं नाही. जळतो हो मी. लग्न माझ्याशी झालं आणि जळतोयही मीच. आता तिला एकदा कळू दे, कोणाला सोडून ती कोणाकडे आली ते.

बाई: कळू दे. पण आधी सही. कव्हराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय. फाईल हातात घेणाऱ्यानं तारीख, नाव, कारण, सही. त्याशिवाय मी दोरी सोडत नाही.

मिस्त्री: कारण काय लिहू?

बाई: खरं लिहिलंत तर रकाना पुरणार नाही. 'माहितीसाठी' लिहा.

मिस्त्री: माझ्याआधीही कुणीतरी येऊन गेलंय.

बाई: एकच जण. गेल्या मंगळवारी.

मिस्त्री: बाई… हे अक्षर…

बाई: काय झालं? पाणी देऊ का?

मिस्त्री: ही माझी बायको आहे.

बाई: अगं बाई!

मिस्त्री: मंगळवारी मला म्हणाली, दातांच्या डॉक्टरकडे जाते. परत आली ती गाल धरून बसली. मी स्वतः पाणी तापवून दिलं गुळण्यांना! आणि कारण बघा काय लिहिलंय. 'घरगुती'! टायवाला घरगुती झाला!

बाई: हळू. भिंतीपलीकडे न्यायाधीश बसलेत.

मिस्त्री: किती वेळ होती ती इथे? कुठे बसली होती? रडली का?

बाई: फाईल सगळ्यांची आहे, मिस्त्री. वाचणाऱ्याचं तोंड नाही. ते मी कुणाला दाखवत नसते.

मिस्त्री: एवढं तरी सांगा, प्रत नेली का तिनं?

बाई: ते पावतीपुस्तकात असतं म्हणून सांगते. नाही नेली. सोडू का दोरी? एकतीस पानं आहेत.

मिस्त्री: नको.

बाई: अहो, एवढे लांबून आलात, वाचा तरी.

मिस्त्री: वाचलं. एक ओळ पुरली मला.

(त्याच दिवशी दुपारी. घरामागे मोटर दुरुस्तीची शेड. मिस्त्रीची बायको तांब्याच्या तारेचे वेढे मोजत गुंडाळते आहे.)

मिस्त्री: दात कसा आहे?

बायको: एकशे चार, एकशे पाच…

मिस्त्री: मी काहीतरी विचारतोय.

बायको: एकशे सहा. वेढे चुकले तर मोटर जळेल. एकशे वीसला थांबते. एकशे सात…

मिस्त्री: जळू दे मोटर! मी कोर्टात जाऊन आलो. कव्हरच्या आत तुझी सही आहे.

बायको: घ्या. घालवलीत मोजणी. आता सगळं उलगडून पहिल्यापासून.

मिस्त्री: माझ्याशी खोटं बोललीस तू. दाताचं नाव करून त्याच्या फाईलीपाशी गेलीस.

बायको: गेले. खोटं बोलले तेही खरं. तुम्ही जाणार हे नोटीस आली तेव्हाच कळलं होतं मला. त्या दिवसापासून शीळ घालत होतात घरभर. आपल्या लग्नातसुद्धा इतके खूश नव्हतात. ते कात्रण शर्टाच्या खिशात, आणि शर्ट धुवायला माझ्याकडे. तीनदा काढून तीनदा परत ठेवलंय मी.

मिस्त्री: मग माझ्या आधी धावायची काय गरज होती? कीव आली त्याची?

बायको: तुम्ही कागद आणणार, माझ्यापुढे टाकणार आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसणार. हसले तर म्हणाल, नाटक करते. गप्प राहिले तर म्हणाल, बघ, लागलं मनाला. त्या वेळी तोंड कसं ठेवायचं तेच मला सुचेना. म्हणून एकदा एकटीनं वाचून घेतलं.

मिस्त्री: आणि? कसं झालं तोंड?

बायको: कसंच नाही. कपाटं किती, पलंग किती, खुर्च्या किती. त्याची सही बघितली, ओळखूसुद्धा आली नाही. शेवटच्या पानावर घरी ठेवायला परवानगी मिळालेल्या वस्तूंची यादी होती. त्यात त्याच्या बायकोचं शिलाई मशीन. तिथे रडले.

मिस्त्री: रडलीस! बघ, रडलीस!

बायको: तिच्यासाठी हो. बिचारीच्या मशीनला तिच्या घरात राहायला कोर्टाची परवानगी लागावी?

मिस्त्री: त्याच्यासाठी नाही?

बायको: आला पुन्हा तोच.

मिस्त्री: एकदा सांग ना. वीस वर्षं हा भुंगा माझ्या डोक्याला लागलाय.

बायको: त्याच्यासाठी नाही. झालं समाधान?

मिस्त्री: मग बसमधून बाहेर का बघत नाहीस?

बायको: कारण तुम्ही माझ्याकडे बघत असता! सगळ्या प्रवासात तुमची मान माझ्याकडे वळत नाही. त्याचं दुकान आलं की वळते. माझ्यासाठी नाही, माझे डोळे कुठे जातात ते पकडायला. मग मी कुठे बघू? आपली समोर बघते. आणि सांगू का, हेवा मलाही वाटतो.

मिस्त्री: कुणाचा? त्याच्या बायकोचा?

बायको: त्याचाच. त्यानं मजला कधी चढवला, गाडी कुठल्या रंगाची घेतली, दुकानात नोकर किती, सगळं तुम्हाला तोंडपाठ. माझ्याबद्दल काय माहितेय तुम्हाला? हा चष्मा कधी लागला, सांगा बरं.

मिस्त्री: चष्मा… हा नवा आहे का?

बायको: दोन वर्षं झाली. लग्न केलंत माझ्याशी आणि वीस वर्षं संसार केलात त्याच्याशी. कधीतरी तुम्ही माझ्या वाट्याला यावं असं नाही का वाटणार मला?

मिस्त्री: काहीतरीच बोलू नकोस. आज दोन बस बदलून गेलो, तळपत्या उन्हात कोर्टाच्या बाकावर दोन तास काढले, ते कुणासाठी? तुझ्यासाठीच ना?

बायको: माझ्यासाठी गेला असतात, तर मला बरोबर नेलं असतंत.