सूपभर जोंधळ्याला गेलेला माणूस

...आणि वर मलाच इचारतोय, "तुमची आई कोण?" आता तुमाला सांगतो, पंचवीस वर्षांच्या बाप्याला, मिशा फुटलेल्या, लगीन झालेल्या, कुणी कचेरीत धा माणसांदेखत असं इचारावं का? मी काय भित्रा माणूस न्हाय बरं का. रानात साप निघाला तर मी हातानं... म्हंजे हातानं न्हाय, पण उभा ऱ्हातो तितं. पण खिडकीच्या पल्याड बसलेला माणूस वही उघडून आपल्या जल्माची चौकशी करायला लागला की माणूस भाईरचं दार हुडकाय लागतो.

त्याचं असं झालं. मी सर्जेराव, कऱ्हाटीचा, दत्तोबाचा पोरगा. चौऱ्याण्णव साली बारामतीला एस.टी.च्या कंडक्टरच्या यादीत माझं नाव लागलं. लागलं म्हंजे काय, शेवटून दुसरं. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख एक जून, माझ्या वरच्या सहा जणांची बी एक जून, कारण आमच्या भागातल्या गुरुजींनी सगळी पोरं एकाच दिवशी जल्माला घातल्याली. त्यामुळं तितला साहेब म्हणला, "हे काही खरं नाही, जन्मनोंदीचा दाखला आणा, पंधरा दिवसांत आणा, नाहीतर खालचा उमेदवार घेतो." खालचा उमेदवार माझ्या शेजारीच उभा व्हता. त्यो माझ्याकडं बघून हसला, अगदी प्रेमानं हसला. 

आता माझा जल्म आजोळचा. आजोळ भिगवणच्या पल्याड, भीमेच्या काठाला. ते गाव कवाच उजनीच्या पाण्यात गेलं, पण गाव बुडालं तरी गावाची वही इंदापूरच्या कचेरीत कोरडी ठणठणीत. केला अर्ज. आठवड्यानं गेलो तर अर्जावर लिवलेलं, "सदर नावाची नोंद आढळून येत नाही, सबब अर्ज नामंजूर." मी दोनदा वाचला. आढळून येत न्हाय? मग ह्यो हितं घामाघूम हून उभा हाय त्यो कोण? मी आपला हळूच सोताला चिमटा काढला. मी काय भित्रा न्हाय, पण सरकार न्हाय म्हणतंय म्हणल्यावर माणसानं एकदा खात्री करून घ्यावी.

खिडकीत साहेबराव म्हणून क्लार्क व्हते. माणूस चांगला, खेकसणारा न्हाय. चष्मा वर केला, फडक्यात बांधलेली जुनी वही सोडली, आणि बोट फिरवत म्हणले, "हे बघा, तुम्ही सांगताय त्या आठवड्यात त्या गावात एकच मुलगा जन्मलाय. नाव केरू. बाप तात्याबा. आई छबूबाई." आन मग माझ्याकडं बघून, "तुमची आई कोण?"

मी मागं सरून बाकड्यावर बसलो. कारण त्यो केरू मीच.

तुमाला सांगतो, माझ्या आधी आईची, लीलाबाईची, तीन गेली. एक सहा म्हयन्याचं, एक दीड म्हयन्याचं, एकानं तर डोळं बी धड उघडलं न्हवतं. आई त्यांची नावं कवा काढत न्हाय, पण दिवाळीला मागल्या दाराला तीन पणत्या जादा लावती, आन कुणी इचारलं तर म्हणती, तेल उरलं व्हतं. तर चौथ्याला आजीनं तिला माहेराला आणली. मी झालो. झाल्या झाल्या आजीनं मला सुपात घातला, सूप नेऊन उकिरड्यावर ठिवलं आन बोंब मारली, "टाकलंय गं प्वार, कुणाला पायजे का?" शेजारी छबूबाई. भीमेत मासं धरणाऱ्या तात्याबाची बायकू, तिला मूलबाळ न्हाय. तिनं सूपभर जोंधळं मोजून दिलं आन मला इकत घेतला. केरातनं उचलला म्हणून केरू. म्हंजे सटवाई आली तरी तिला वाटावं, ह्ये लीलाबाईचं न्हाय, कुणाचं तरी टाकलेलं हाय, ह्याला न्हेऊन काय करायचं? करत्यात असं आमच्याकडं. प्वार जगावं म्हणून करत्यात.

बरं, इतपत ठीक व्हतं. पण नोंद घ्यायला कोतवाल कवा यावा? पाचवीच्या दिवशी. अहो, ज्या दिवशी सटवाई नशीब लिवायला घरात येणार, त्याच दिवशी ह्यो बी वही घिऊन दारात! "कुणाचं प्वार?" म्हणून मोठ्यानं इचारतोय. आजीनं तोंडाला पदर लावला. आजोबा भिंतीकडं बघत बसले. आई बाजल्यावर, तिनं गोधडी डोक्यावरनं घेतली. खरं बोलावं तर सटवाई ऐकणार. शेवटी छबूबाई मला मांडीवर घिऊन म्हणली, "माझं. लीव." आन त्यानं लिवलं. एका शब्दापायी पंचवीस वर्षांनी माझी नोकरी चालली बघा.

घरी आलो, आईला म्हणलं, "आई, नाव दुरुस्त करायला लागतंय. तुला कचेरीत यून सांगाय लागंल, ह्यो माझा पोरगा हाय म्हणून." आईच्या हातात परात व्हती, ती तिनं खाली ठिवली. तुमाला खरं सांगू का? पंचवीस वर्षांत आईनं मला एकदा बी 'माझा' म्हणलेलं न्हाय. शाळेत घालताना गुरुजींनी इचारलं तर म्हणली, "भिगवणच्या छबूचा हाय, आमच्याकडं ऱ्हातोय." बापानं मागनं जाऊन सोताचं नाव लावलं म्हणून बरं. माझ्या लग्नात बी पाव्हण्यांना सांगत व्हती, पोरगा छबूचा, आमी आपलं दोन अक्षता टाकाय आलोय. आन मी तापानं फणफणलो की रातभर पायथ्याशी बसायची, पण तोंडातनं माझा म्हणून शब्द काढायची न्हाय.

"असू दे की कागदावर छबूचा," आई म्हणली.

"आई, नोकरी जाईल."

"जाऊ दे नोकरी. तू ऱ्हा."

झालं. आमची बायकू विजयमाला चुलीपाशी बसलेली, ती म्हणती, "मग मी कुणाची सून म्हणायची?" बाप म्हणला, "मी काय बोलत न्हाय," आन उठून उसाला पाणी द्यायला गेला, पाण्याची पाळी नसताना. मी त्या दिवशी जेवलो न्हाय. मी काय भित्रा न्हाय, शिकलेला माणूस, बारावी झालोय, सटवाई वगैरे मी मानत न्हाय. पण आईच्या डोळ्यात जी भीती व्हती ना... ती बघितली आन माझ्या बी मनात आलं, खरंच नाव दुरुस्त केलं आन चार दिवसांत मला काय झालं तर?

बरं, नुसत्या आईचा जबाब पुरत न्हाय. साहेबरावांनी सांगितलं, छबूबाईचं बी प्रतिज्ञापत्र पायजे, ह्यो माझा न्हाय म्हणून. गेलो भिगवणला. गाव बुडाल्यापास्नं छबूबाई तितंच, आता हायवेच्या कडंला मासं इकती, तात्याबा वारल्यापास्नं एकटीच. पाटी म्होरं, हातात इळी, आन मला बघितलं की सगळ्या बाजारात वरडती, "आला माझा केरू!" मी आपला खाली बसलो आन सगळं सांगितलं. ती मासा साफ करायची थांबली.

"म्या इकत घेतलाय तुला," म्हणली. "फुकट न्हाय."

"व्हय, मावशे. पण नोकरी..."

"सरकारच्या एका वहीत म्या कुणाची तरी आई हाय. येवढ्या मोठ्या सरकारच्या येका वहीत. त्ये बी पुसाय आलास व्हय?"

तुमाला सांगतो, त्या इळीला मी भ्यालो न्हाय, पण ह्या वाक्याला भ्यालो. तितनं पळून जावं वाटलं. तिनं दोन गिऱ्हाइकं तशीच घालवली. मग म्हणली, "माझं जोंधळं परत आण. येवहार त्यो येवहार." मी दुसऱ्या दिवशी पोतं घिऊन गेलो. तिनं सूप काढलं, एक सूपभर मोजून घेतलं, बाकीचं पोतं माझ्याच डोक्यावर दिलं.

चौदाव्या दिवशी कचेरीत आमी तिघं. आई एका बाकड्यावर, छबूबाई दुसऱ्या, मधी मी. छबूबाईनं अंगठा दिला. मग साहेबराव आईला म्हणले, "आजी, हा तुमचा मुलगा का?"

साहेबरावांनी परत इचारलं. आई दाराकडं बघती, खिडकीकडं बघती, वर पंख्याकडं बघती. सगळी कचेरी आमच्याकडं बघाय लागली. मला तर दिसायलाच लागलं, हितनं भाईर जायचं, गाडीत बसायचं, आन गाडी पुलावरनं खाली. शेवटी आई उठली, खिडकीतनं आत वाकली, तोंडाला पदर लावला आन साहेबरावांच्या कानाला लागून काय तरी बोलली. मला ऐकू आलं न्हाय. पंचवीस वर्षांत एकदाच बोलली, आन ते बी क्लार्कला. मग मागं सरून म्हणली, "जरा हळू लिवा, भाऊसाहेब."

साहेबराव हसले न्हाईत. म्हणले, "आजी, माझ्या आजीनं माझ्या बापाला असंच विकलं होतं. मग छप्पन्न साली आम्ही धम्म घेतला, हे सगळं सोडलं, खरं नाव मोठ्यानं सांगायला लागलो. बाप अजून ठणठणीत आहे. काही होत नाही." लई धीर आला मला. मग त्यांनी लाल पेन उचललं, वहीवर टेकवलं, आन पेन उठंना. झटकलं, तरी उठंना. आमी चौघं त्या पेनाकडं बघतोय. "शाई संपली असेल, दुसरं काही नाही," साहेबराव म्हणले, पण आवाज जरा बारीक झाल्ता बरं का. दुसऱ्या टेबलावरनं पेन मागून आणलं.

छबूबाई म्हणली, "पुसताय व्हय माझं नाव?"

"पुसत नाही मावशी. नुसती रेघ मारतो. पुसायची परवानगीच नाही."

"रेघंखालचं वाचता येतं न्हवं?"

"येतं की."

"मग मारा," ती म्हणली आन तोंड फिरवून बसली.

संध्याकाळपत्तूर मोठ्या साहेबाची सही झाली, दाखला हातात आला. सर्जेराव, आई लीलाबाई, बाप दत्तोबा. मी भाईर आलो तर आई घाईघाईनं म्हणती, "चल, सांज व्हायच्या आत उरकूया." काय उरकायचं? बघतो तर कचेरीच्या फाटकापाशी शेंगा इकणारीकडनं हिनं सूप मागून घेतलेलं. "बस ह्यात," म्हणती. "आता सटवाईला कळलंया." अहो, मी सत्तर किलोचा गडी, पँटशर्टातला, शेजारी स्टँपवाले, वकील, आन मी त्या सुपात उकिडवा. सूप मोडलं ते येगळंच. आई वरडली, "टाकलंय गं, कुणाला पायजे का?" आन छबूबाईनं काय दिलं म्हणता? मूठभर शेंगा. पहिल्यांदा सूपभर जोंधळं आलं व्हतं, आता मूठभर शेंगा, आन त्यातल्या बी दोन तिनंच सोलून खाल्ल्या.

पण आई त्या दिवशी लई दिसांनी हसली.

नोकरी लागली. ड्यूटी कुठली? बारामती-भिगवण. रोज सकाळी छबूबाई मासळीची पाटी घिऊन गाडीत. "तिकीट?" म्हणलं की सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणती, "मूठभर शेंगा देऊन घेतलाय तुला, आन आईकडनं तिकीट मागतोस?" मी गुमान माझ्या खिशातनं फाडतो. एकदा तपासणीस चढले, म्हणले, "ही कोण?" मी म्हणलं, "आई." तर म्हणले, "मग पास काढा की, कर्मचाऱ्याच्या आईला पास असतो. जन्माच्या दाखल्यावरचं नाव लावायचं फक्त."

दाखल्यावरचं नाव! ज्या नावासाठी पंधरा दिवस झोपलो न्हाय, जेवलो न्हाय, सुपात बसलो... ती जुनी नोंद तशीच ठिवली असती, तर म्हातारी फुकट फिरली असती. आता परत इंदापूरला जाऊन साहेबरावांना म्हणू का, मारल्याली रेघ काढा म्हणून? न्हाय बा. रोज खिशातनं तिकीट फाडंन. मी सांगतो तुमाला, मी भित्रा हाय.