निळ्या बांगड्या

डोळ्यांत थेंब घालून मनोरमाबाई शिवाजीनगरातल्या दवाखान्यात बसल्या होत्या. धड दिसत काहीच नव्हतं, म्हणून शेजारच्या बहीण-भावाचं बोलणं ऐकत होत्या.

"ताई, डॉक्टर म्हणाले, रेवाचे डोळे ठणठणीत आहेत."

"मी सांगतच होते, निनाद. चार वर्षांची पोर ती."

"अगं, तुझ्या चुड्याच्या दिवशी हिरव्या बांगड्या आण म्हटलं, तर कासाराच्या डब्यातून निळ्या घेऊन आली! वर म्हणते, हिरव्याच आहेत. आमचं धाबंच दणाणलं."

"कितीतरी भाषांत पानाच्या नि आभाळाच्या रंगाला एकच शब्द असतो. आम्ही विद्यापीठात भाषेच्या प्रयोगात मुलांना मनाने बनवलेले शब्द शिकवतो ना, तेव्हा जवळचे रंग एका शब्दात घातले की मुलं पटकन शिकतात. मधला हिरवा वगळून पिवळा-निळा एकत्र घातला, की अडतात."

"मग?"

"पोरांना जे शिकायला जड, ते भाषेत टिकणार कसं? हिरवा-निळा शेजारचे, म्हणून एका शब्दात टिकतात; रेवानेही तेच केलं."

"हुश्श! सुटलो बाबा. त्या निळ्या बांगड्या आता परत देऊन टाकतो."

"कुठल्या परत देतोस? रेवाने आणल्या, मी भरल्या. हे बघ."

बांगड्या किणकिणल्या. मनोरमाबाईंनी डोळे ताणून पाहिलं. त्यांना सगळा चुडा हिरवाच दिसला.