मागच्या शिटावरची मावशी

न्हाई न्हाई, घाई नका करू साहेब — भिंतीवरचा चार्जिंगचा डबा कुठं पळून जात न्हाई. तुमची दोन मानसं स्क्रू खोलत बसलीत, खोलू द्या त्येंना. तुमी आधी जेवा. ह्या लॉजवर आल्यालं मानूस माझ्या हातचं खाल्ल्याबिगार गेलं न्हाई कधी, आन तुमच्या कंपनीची पोरं तर पाऊस सरल्यापास्नं उन्हाळा लागंपर्यंत हितंच जेवली. पिठलं घ्या. भाकरी तव्यावरची हाय. कसं झालंय? छान? बरं, मंग आनखी घ्या. भंडारदऱ्याला आल्यावर लाजायचं न्हाई.

व्हय, मीच ती. गाडीच्या मागच्या शिटावर बसनारी छबूबाई. हाफिसात माझं नाव ठाव हाय म्हंता? ऐका आता. मला गाडीतलं काय कळतंय — यष्टीत बसले की राजूर यायच्या आत माझं डोकं खिडकीच्या भाईर. कंडक्टरच म्हनतो, मावशीला खिडकी द्या, न्हाईतर समद्यांचीच आंघूळ. ते रविराज साहेबांच्या कानावर गेलं — तुमचे इंजनेर ओ, उंच, चष्म्याचे — तर त्यो मानूस खूश. म्हनला, मावशी, आमाला असंच पोट पायजे. मी म्हनलं, माझ्या पोटाचं काय करता? तर म्हनला, ह्या गाडीत दोन जीव हायत, एक विजेचा आन एक पेट्रोलचा. रातभर त्या डब्याला वायर लावून ठेवायची, सकाळी विजेवर निघायची — आवाज म्हनून न्हाई, पाल चुकचुकली तर ऐकू यावी. आन चढ आला की वीज एकटी पुरत न्हाई, मंग पेट्रोलचं इंजन मधीच जागं व्हतं. ते जागं झाल्यालं मागच्या मानसाला कळता कामा न्हाई. कारन असली गाडी घेनारा बडा मानूस पुढं थोडाच बसतोय — त्यो मागं बसनार, पेपर वाचनार, च्या पिनार. त्येच्या कपातला च्या हिंदकळला न्हाई पायजे. एवढीच सारी परीक्षा.

साहेब लोकांना त्या इंजनाची सवय झाल्याली. धक्का खरंच बसला का नुसता मनातच बसला, त्येंचं त्येंनाच कळंना. म्हनून मी. माझ्या हातात वायरीचं एक बटन दिलं, दाराच्या बेलला असतं तसलं — जरा पोटात हाललं, जरा मान हालली, की दाबायचं. बास. गाडीला समदीकडनं काळ्यापांढऱ्या नक्षीचं इष्टीकर, तिचं रूप कुनाला दिसू नये म्हनून. अंतरपाटाआडची नवरी म्हना. आन आतलं शीट काय सांगू — जन्मात एवढ्या मऊ जागी टेकले न्हवते मी. पैल्या दिशी लुगडं आवरून कडंलाच बसले, म्हनलं डाग पडंल. तर रविराज साहेब म्हनले, मावशी, टेकून बसा, तुमचीच गाडी हाय. आता मला सांगा, कुनी एवढ्या मानानं बसवलं, आन आपन त्या जागेला नावं ठेवायची? आमच्यात न्हाई तसं. पाव्हन्याच्या घरी कालवनात किडा निघाला तरी बाजूला सारायचा आन 'छान झालंय' म्हनायचं, हे मला आईनं शिकीवलंय.

बटन? न्हाई ओ. एकदाबी न्हाई दाबलं. काय वाटलंच न्हाई तर कशाला दाबू? म्हंजी — ते रंध्याच्या धबधब्याच्या पुढचं वळन हाय न्हवं, तिथं जरासं. जरासं म्हंजी म्हशीनं मागनं ढुशी मारावी तसं. मान पुढं आन पोट मागं. आता घाट म्हनल्यावर एवढं व्हनारच की. मी आपली पदराचा बोळा तोंडात धरायची, आन वर आल्यालं सगळं परत गिळायची. रविराज साहेब आरशातनं बघायचे — मावशी, काय वाटलं का? मी नुसती मुंडी हालवायची, बोलाया तोंड कुठं मोकळं हुतं. त्यो पोरगा असा हासायचा, साहेब, जसा काय परीक्षेत पैला आलाय. 'झालं, आता नीट झालं' म्हनून लगेच खाली हाफिसात फोन करायचा. मंग मला लॉजवर सोडायचे, आन मी मागल्या दारी जाऊन, राखुंडीनं दात घासून, त्येंच्याच भाकरीला लागायची.

न्हाई न्हाई, त्येनं न्हाई सांगितलं तसं करायला. त्येला कशाला दोष देता? त्यो तर रोज सांगायचा, मावशी, खरं असंल ते दाबा. माझ्या मनाचं मी केलं. माझी ज्ञानेश्वरी — लेक ओ, एकच हाय — नागापूरला, हितल्याच जिल्ह्यात, कंपनीत हुती, गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायच्या कामाला. ठेक्यावर. कवा काढतील त्येचा नेम न्हाई, पोरगी रोज जीव मुठीत धरून जायची. दिवाळीला आली तवा म्हनली, आई, तू बसतीस ना, त्याच गाडीच्या वायरी आमच्याकडं यायच्यात. गाडी पास झाली तर नवी लाईन पडनार, आन आमी समद्या पोरी परमनंट. आता तुमीच सांगा साहेब, कुठली आई बटन दाबंल?

मंग ते मोठे साहेब आले, भाईरच्या देशातले, संगं एक बाई. त्या दिशी मला बसवलं न्हाई, मी हितं चुलीपाशी. रविराज साहेब त्येंना म्हनले, यष्टीत खिडकी न सोडनारी आमची मावशी हिच्यात डुलक्या घेती. समदे हासले, मीबी हासले. कपातनं गरम च्या घेऊन निघाले, मीच केल्याला. आन जरा येळानं गाडी माघारी. त्या बाईच्या मांडीवर समदा च्या, आन ती भिंतीपाशी वाकून ओकत हुती. मीच पानी दिलं तिला. पाठीवरनं हात फिरवला — मला ठाव हुतं ना, कसं व्हतंय ते. इचारलं न्हाई मी, पन वळन तेच. रविराज साहेब गाडीला टेकून हुभे. माझ्याकडं बघितलं त्येंनी, एकदाच. संध्याकाळी जाताना 'येतो मावशी' बी म्हनले न्हाईत. लई लागलं मला ते.

बंदच केलं म्हंता गाडीचं काम? कायमचं? आन रविराज साहेब? ... काढून टाकलं. हं. न्हाई, नागापूरचं नका सांगू, ते मला ठाव हाय. ज्ञानूचं काम गेलं, आली की घरी. हितंच हाय, ते लोटल्यालं दार दिसतंय ना, त्याच्याआड. भाईर येत न्हाई. आल्या आल्या मी तिला सांगाया गेले, बाई, माझ्याकडनं मी काय कमी केलं न्हाई, आतडी तोंडात आली पन बटन दाबलं न्हाई, तुझ्यासाठी. वाटलं, गळ्यात पडंल. 'आई, तू दाबलं असतंस तर त्येंनी ते दुरुस्त केलं असतं गं' — एवढंच म्हनली ती. तवापास्नं बोलत न्हाई माझ्याशी. ताट ठेवलं तर घेती, रिकामं झालं की दाराभाईर ढकलून देती. शिकल्याली पोर, तिचं काय कळतंय. गाडीतली खोट काय ह्या अडान्याच्या बटनानं जानार हुती? इंजनेर ते का मी?

पुन्हा काढनार असाल ना एखादी गाडी? काढा. आन बसाया मानूस लागलं तर मला हाक मारा. मी नावं ठेवनारी बाई न्हाई. — असं काय बघता? जेवा की. छान लागलं म्हंता आन पिठलं सगळं कडंला सारलंय. नुसतीच भाकरी खाताय. थांबा, बघू द्या.

मीठच न्हाई ह्यात.

साहेब, मीठ न्हाई पिठल्यात. चिमटीभरबी न्हाई. सकाळपास्नं डोकं ठिकान्यावर न्हाई माझं, इसरले. आन तुमी छान म्हनलात. वर आनखी वाढून घेतलंत. का ओ? मी काय खाल्लं असतं तुमाला? ही बरनी हितं माझ्या हाताशी — तोंडावर सांगितलं असतं तर टाकलं असतं की मी, चूल बी पेटतीच हाय. केवढंसं काम हुतं. बाईला वाईट वाटंल म्हनून तुमी आपलं गप —

ऱ्हाऊ द्या. उठा. हात धुवायला पानी भाईर रांजनात हाय. तुमचा तो भिंतीवरचा डबा निघाला का बघा. आन हे बटनबी घेऊन जा, गडबडीत हितंच ऱ्हायलं हुतं, मी फडक्यात बांधून फळीवर ठिवलं. कोरं हाय.

हळू बोला. ज्ञानूचं दार वाजलं का आत्ता? ... न्हाई. तुमी जा.